परागकणांच्या कसोटीवर एक विद्यार्थी मायक्रोस्कोप

घरी ठेवण्यासाठी मायक्रोस्कोप घ्यायचा म्हटले की विक्रेता सर्वांत आधी खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो: १५०० पट, कधी २५०० पटसुद्धा. या परीक्षणात ज्या यंत्राचा विचार केला आहे त्याच्या खोक्यावरही १५०० हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला आहे, आणि फुलांचे परागकण पाहण्यासाठी हे यंत्र वापरू लागल्यापासून तो आकडाच यातील सर्वांत निरुपयोगी भाग आहे, असे माझे मत झाले आहे. यंत्र मात्र वाईट नाही. ज्यांची जाहिरात कोणी करत नाही अशा १० आणि ४० पटींच्या दोन साध्या लेन्सनी जे काही दाखवले, त्यासाठी सुमारे ८,००० रुपयांची किंमत मला रास्त वाटते.

उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. हरियाणातील अंबाला ही आपल्याकडच्या शालेय प्रयोगशाळांच्या उपकरणांची मोठी पेठ आहे आणि जवळपास एकाच घडणीचे मायक्रोस्कोप निरनिराळ्या विक्रेत्यांच्या पट्ट्या लावून बाजारात येतात. तेव्हा नाव लक्षात ठेवण्यापेक्षा घडण ओळखणे ग्राहकाच्या अधिक उपयोगाचे आहे. ही घडण अशी: ओतीव धातूचा जड सांगाडा, एका डोळ्याने पाहण्याची तिरपी नळी, १० आणि १५ पटींचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगे), फिरत्या चकतीवर ४, १०, ४० आणि १०० पटींच्या चार लेन्स, मंचाखाली प्रकाश एकवटून स्लाइडवर टाकणारा झडपेचा कंडेन्सर, स्लाइड मागेपुढे व आडवी सरकवणारी यांत्रिक चौकट आणि तळाशी एलईडीचा दिवा. यांतील कंडेन्सर आणि चौकट या दोन गोष्टी नसलेले यंत्र दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळते, पण ते घेऊ नये. का, ते पुढे येईल.

पारख करण्यासाठी परागकण निवडण्यामागे कारण आहे. ते फुकट मिळतात, बारा महिने मिळतात आणि त्यांच्या आकारमानाचा पल्ला मोठा असतो: लाल भोपळ्याचा कण दीडशे मायक्रॉनच्या घरात, तर गाजर गवताचा पंधरा ते वीस मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शिवाय कणाच्या बाहेरच्या कवचावर काटे, जाळी, खाचा, छिद्रे असे कोरीव काम असते, आणि ते कोणत्या लेन्सला उलगडते व कोणत्या लेन्सला उलगडत नाही यावरून लेन्सचा दर्जा लगेच कळतो. हे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. तीव्र आम्ले आणि अल्कली यांनाही ते दाद देत नाही, म्हणूनच लक्षावधी वर्षांपूर्वीचे परागकण खडकांत ओळखण्याजोगे सापडतात आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेसारख्या ठिकाणी त्यांवरून जुन्या काळातील वनस्पती आणि हवामान यांचा अभ्यास चालतो. आपल्या कामापुरते सांगायचे तर, नीट बनवलेली स्लाइड वर्षानुवर्षे टिकते आणि तीच स्लाइड वेगवेगळ्या यंत्रांखाली ठेवून तुलना करता येते.

आता त्या आकड्याविषयी. प्रत्येक लेन्सच्या अंगावर पटीशेजारी आणखी एक लहान आकडा कोरलेला असतो: १० पटीच्या लेन्सवर ०.२५, ४० पटीच्या लेन्सवर ०.६५ आणि तेलात बुडवायच्या १०० पटीच्या लेन्सवर १.२५. लेन्स किती तिरपे किरण गोळा करू शकते त्याचे हे माप आहे, आणि अगदी जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणार की त्यांचा एकच ठिपका होणार, हे पटीवरून ठरत नसून या मापावरून ठरते. हिरव्या प्रकाशात हिशेब केला तर १० पटीची लेन्स सुमारे १.३ मायक्रॉन, ४० पटीची सुमारे अर्धा मायक्रॉन आणि १०० पटीची सुमारे पाव मायक्रॉन अंतरावरचे बिंदू वेगळे करू शकते. या मापाच्या हजार पटींपर्यंतचे वर्धन डोळ्याच्या उपयोगी पडते, म्हणजे १०० पटीच्या लेन्ससाठी १२५० पट ही वरची मर्यादा झाली. त्या लेन्सवर १५ पटीचा आयपीस चढवून गाठलेले १५०० पट वर्धन चित्र ताणते, त्यात नवा तपशील एकही येत नाही, उलट प्रकाश कमी होतो आणि धुरकटपणा वाढतो. खोक्यावर २५०० लिहिणारे विक्रेते २५ पटीचा आयपीस देऊन ती करामत करतात. ४० पटीच्या लेन्सवर मात्र हाच १५ पटीचा आयपीस चांगला चालतो, कारण ६०० पट हे वर्धन तिच्या मर्यादेच्या आत बसते. त्या जोडीचा मी पुष्कळ वापर करतो.

पहिली चाचणी जास्वंदीची घ्यावी. पुंकेसरनळीवरच्या पिवळ्या परागकोशाला सुईच्या टोकाने स्पर्श केला की पुरेसे कण मिळतात. त्यांचा व्यास शंभर मायक्रॉनहून अधिक असल्याने ४ पटीच्या लेन्सखालीही ते वेगवेगळे दिसतात आणि १० पटीच्या लेन्सखाली कदंबाच्या फुलासारखा सर्व बाजूंनी काटे असलेला गोळा स्पष्ट होतो. येथपर्यंत कोणतेही यंत्र पोचते. खरी अडचण ४० पटीवर येते, कारण त्या लेन्सला एका वेळी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉन जाडीचा असतो. शंभर मायक्रॉनहून जाड कण एका वेळी तिला सबंध दिसणे शक्यच नसते. बारीक फोकसचा स्क्रू हळूहळू फिरवत वरच्या काट्यांची टोके, मग काट्यांची बुडे, मग कवचाचा पृष्ठभाग, मग कडेचा उभा छेद असे थरांत पाहत उतरावे लागते. या उतरण्यात यंत्राचा बारीक स्क्रू कसा चालतो हे कळते. प्रस्तुत यंत्राचा स्क्रू एकाच दिशेने फिरवताना सुरेख चालतो, दिशा बदलली की मात्र थोडा मोकळा फिरतो आणि मग पकड घेतो. या किमतीत हे मी चालवून घेईन. पण दुकानात पाहून घेणाऱ्याने स्क्रू दोन्ही दिशांना फिरवून तपासावा आणि कमीत कमी मोकळीक असलेला नग निवडावा.

याच स्क्रूच्या जोरावर एक जुनी आणि फार उपयुक्त युक्ती करता येते. स्वीडनचे परागशास्त्रज्ञ गुन्नर एर्डट्मन यांनी ती रूढ केली. कवचावरचा बारीक ठिपका म्हणजे उंचवटा आहे की खड्डा, हे नुसते पाहून कळत नाही. परंतु फोकस वरच्या पातळीवर असताना ठिपका उजळ आणि किंचित खाली नेल्यावर काळा पडत असेल तर तो उंचवटा, आणि क्रम उलटा असेल तर खड्डा. झेंडूच्या कणावर ही युक्ती करून पाहिली असता ४० पटीच्या लेन्सने निःसंदिग्ध उत्तर दिले. काट्यांची टोके आधी चकाकली आणि मग काळवंडली. इतक्या किमतीच्या लेन्सकडून यापेक्षा अधिक अपेक्षा नसावी.

लाल भोपळ्याच्या नरफुलाचा कण आणखी मोठा. त्याच्या कवचावरच्या गोल छिद्रांवर झाकणे असतात आणि परागनलिका बाहेर येताना ती झाकणे उचलली जातात. १० पटीच्या लेन्सखाली ही झाकणे दिसतात. पण अशा जाड कणांमुळे काचेची झाकणपट्टी, म्हणजे कव्हरस्लिप, वर उचलली जाते, आणि ४० पटीची लेन्स ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी व तिच्या लगत खाली असलेल्या वस्तूसाठी घडवलेली असते. मध्ये द्रवाचा जाड थर आला की प्रतिमा दुधाळ होते. हा दोष लेन्सचा नाही, पण नवख्या माणसाला तो लेन्सचाच वाटतो आणि तो यंत्र परत पाठवतो. यंत्रासोबत मिळणाऱ्या कव्हरस्लिप तर पारखूनच घ्याव्यात: मला आलेल्या डबीत काही दुप्पट जाड होत्या आणि काही एकमेकींना चिकटलेल्या. शाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून चांगल्या कव्हरस्लिपची डबी वेगळी घेतल्यावर ४० पटीच्या लेन्समध्ये जो फरक पडला, तो पाहून कोणालाही नवीन लेन्स बसवल्यासारखे वाटावे.

गाजर गवत हे आपल्याकडे या परीक्षेचे अटळ प्रश्नपत्र आहे. १९५५ साली पुण्यात नोंद झालेले हे तण आज रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, रेल्वेच्या रुळांलगत सर्वत्र आहे आणि त्याच्या परागामुळे अनेकांना शिंका, दमा आणि त्वचेचे विकार होतात. कण लहान, गोलसर, तीन खाचांचा आणि आखूड काट्यांचा. १० पटीच्या लेन्सखाली तो केवळ खरबरीत कडेचा ठिपका दिसतो. ४० पटीवर काटे वेगळे मोजता येतात, तिन्ही खाचाही कण योग्य बाजूने पडला असेल तर दिसतात. येथे कंडेन्सरचे महत्त्व कळते. झडप पूर्ण उघडी ठेवली तर पारदर्शक कण प्रकाशात बुडून जातो. फार मिटली तर कडा काळ्या व ठसठशीत होतात, पण काट्यांभोवती खोट्या रेषा उमटतात आणि बारीक तपशील पुसला जातो. आयपीस काढून नळीत डोकावावे, लेन्सच्या मागच्या प्रकाशित वर्तुळाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उजळ राहील इतकी झडप मिटावी, मग आयपीस परत बसवावा. ज्या स्वस्त यंत्रांत कंडेन्सरऐवजी भोके पाडलेली फिरती चकती असते, त्यांत हे नियंत्रण जवळपास नसतेच आणि ०.६५ मापाच्या लेन्सला तिच्या वाट्याचा प्रकाश मिळत नाही. दोन-तीन हजार वाचवण्याच्या नादात चाळीस पटीची लेन्स निम्मी वाया घालवण्यात अर्थ नाही.

गवतांच्या बाबतीत खुलासा करणे आवश्यक आहे, कारण जाहिरातीत ‘सर्व परागकण ओळखा’ असे आश्वासन असते. ज्वारी, मका, हरळी यांचे कण गोल, जवळजवळ गुळगुळीत आणि एकाच छिद्राचे असतात. छिद्राभोवती जाड कडे दिसते. मक्याचा कण ८० ते १०० मायक्रॉनचा असल्यामुळे तो आकारमानावरून ओळखता येतो, परंतु रानगवते एकमेकांपासून वेगळी करणे साध्या मायक्रोस्कोपखाली तज्ज्ञांनाही जमत नाही. तेथे यंत्र बदलूनही काही उपयोग नाही.

याउलट काही वनस्पती इतक्या उदार आहेत की लहान मुलालाही निराश करत नाहीत. बाभळीच्या पिवळ्या गोंड्यातले कण सुटे नसून साधारणपणे सोळांच्या गठ्ठ्याने येतात आणि १० पटीच्या लेन्सखाली हे सुबक गठ्ठे पाहताना मुले प्रथम त्यांना एकच मोठा कण समजतात. रुईच्या फुलात तर सुटे पराग दिसतच नाहीत. ते मेणचट पिशव्यांत भरलेले असतात आणि अशा दोन पिशव्या एका काळसर चिमट्याला दांड्यांनी जोडलेल्या असतात. सुईने तो चिमटा उचलून ४ पटीच्या लेन्सखाली ठेवावा. या एका दृश्यासाठी तरी ४ पटीची लेन्स असावी. अनेक यंत्रांत तिच्या जागी ५ पटीची देतात. तीही चालेल, अजिबात नसेल तर मात्र चालणार नाही.

यंत्राचा उत्तम उपयोग मला तेरड्याने दाखवला. तेरड्याचे ताजे पराग साखरेच्या पाण्यात टाकले की पंधरा-वीस मिनिटांत त्यांतून परागनलिका फुटू लागतात, आणि पावसाळ्याच्या अखेरीस घरोघरच्या कुंड्यांत तेरडा असतोच. नसेल तर बारमाही सदाफुली घ्यावी, तिला वेळ अधिक लागतो. द्रावणासाठी १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १० मिलिग्रॅम बोरिक आम्ल पुरते. प्रयोगशाळांत १९६३ साली ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी सुचवलेले द्रावण वापरतात व त्यात कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम नायट्रेट हेही असतात, पण तेरड्याचे या लवणांवाचून अडत नाही. साधे पाणी मात्र वापरू नये, कारण पाणी आत शिरून कण फुगतात आणि फुटतात. नलिका चांगली लांबली की ४० पटीच्या लेन्सखाली तिच्यातील जीवद्रव्याचे कण एका बाजूने पुढे आणि दुसऱ्या बाजूने मागे वाहताना दिसतात. बारावीच्या प्रात्यक्षिकात परागनलिका पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती अनेकदा वेळेअभावी नुसती फुटलेली नलिका लागते, हे वाहणे पाहण्याइतकी उसंत वर्गात नसते. घरच्या यंत्राचा लाभ खरा येथे आहे. एलईडी दिवा जवळजवळ तापत नसल्यामुळे थेंब लवकर सुकत नाही, आणि जुन्या पिवळ्या बल्बच्या यंत्रांपेक्षा याबाबतीत हे यंत्र निश्चितच सरस आहे. त्याच दिव्याचा प्रकाश निळसर आहे ही तक्रार राहते. दिव्यावर पिवळसर जिलेटिन कागदाचा तुकडा ठेवल्यास ती बरीच कमी होते.

कण पाण्यात फुटतो तेव्हा होणारी नासाडीही पाहण्यासारखी असते. आतून बाहेर पडलेले अतिसूक्ष्म कण द्रवात अखंड थरथरत राहतात, आणि हीच थरथर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली लंडनमध्ये क्लार्किया नावाच्या फुलाच्या परागांत पाहिली होती. परागकण स्वतःच नाचतात, असे जे ठिकठिकाणी लिहिलेले आढळते ते बरोबर नाही. परागकण त्या मानाने फारच मोठा आहे. नाचतात ते त्याच्या पोटातील कण. ब्राउन यांच्यापाशी होती ती सुमारे १/३२ इंच नाभीय अंतराची एकच लेन्स. ४०० पटींवर आपल्या यंत्राखाली हे दृश्य अगदी सहज दिसते, आणि ते दिसले की पाठ्यपुस्तकातील त्या वाक्याची आपोआप दुरुस्ती होते.

एकाच लेन्सचा विषय निघाला म्हणून फोल्डस्कोपशी तुलना करणे अपरिहार्य आहे, कारण घरी मायक्रोस्कोप घेऊ पाहणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात हाच दुसरा पर्याय असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला हा घडीचा कागदी मायक्रोस्कोप एका बारीक गोल लेन्सवर चालतो. त्याच्या नेहमीच्या संचात १४० पट वर्धन आणि सुमारे २ मायक्रॉनपर्यंतचा तपशील मिळतो. खिशात मावतो, वीज लागत नाही आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला चुंबकाने चिकटतो. जास्वंद, भोपळा, झेंडू, बाभळीचे गठ्ठे एवढे पाहायचे असेल, विशेषतः रानात उभ्याउभ्या पाहायचे असेल, तर फोल्डस्कोपच घ्यावा. ओतीव धातूचा जड सांगाडा कोणी कासच्या पठारावर नेणार नाही. गोल लेन्सच्या स्वभावानुसार दृश्याचा मधला भाग रेखीव आणि कडा मऊ राहतात, आणि २ मायक्रॉनच्या मर्यादेमुळे गाजर गवताच्या काट्यांपाशी किंवा परागनलिकेतील प्रवाहापाशी तो थांबतो. तेथून पुढचा प्रांत टेबलावरच्या यंत्राचा. दोहोंची किंमत आणि हेतू इतके भिन्न आहेत की एकाला दुसऱ्याचा स्पर्धक म्हणणे मला पटत नाही.

मधाची चाचणी ज्यांना आवडेल त्यांच्यासाठी हे यंत्र पुरेसे आहे, पण संयम लागेल. थोडा मध दुप्पट कोमट पाण्यात विरघळवून निमुळत्या भांड्यात रात्रभर ठेवावा आणि तळाचा थेंब स्लाइडवर घ्यावा. प्रयोगशाळांत हेच काम सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रावर, काही मिनिटांत होते. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी मधातील परागांचा अभ्यास हा नित्याचा विषय आहे. एखाद्या मधात एकाच वनस्पतीचे पराग सुमारे ४५ टक्क्यांहून अधिक असले तर त्या वनस्पतीचा मध म्हणण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. महाबळेश्वरच्या बाजूच्या जांभळाच्या मधात जांभळाचे लहान, तिकोनी कण शोधणे हा ४० पटीच्या लेन्ससाठी उत्तम व्यायाम आहे. परंतु दोन-चारशे कण मोजायचे तर स्लाइड ओळीने सरकवता आली पाहिजे, आणि ते काम यांत्रिक चौकटीविना बोटांनी करणे अशक्यप्राय असते. प्रस्तुत यंत्राची चौकट घट्ट आहे, सुरुवातीला तर हट्टी म्हणावी इतकी. काही आठवड्यांच्या वापरानंतर ती मोकळी झाली. तिच्यावरच्या मिलिमीटरच्या खुणा वाचण्याजोग्या आहेत, त्यामुळे सापडलेला कण दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठता येतो.

मोजमापाची सोय मात्र खोक्यात नाही, आणि ही या संचातील सर्वांत मोठी उणीव आहे. परागकण ओळखण्यात आकारमानाला फार महत्त्व असते, हे वर गाजर गवत आणि मका यांच्या उदाहरणांवरून दिसलेच असेल. आयपीसमध्ये बसणारी मोजपट्टीची काच आणि तिची नीट जुळवणी करण्यासाठी १ मिलिमीटरचे १०० भाग आखलेली स्लाइड, अशा दोन वस्तू वेगळ्या घ्याव्या लागतात. जुळवणी प्रत्येक लेन्ससाठी स्वतंत्र करावी लागते. माझ्याकडे १० पटीच्या लेन्सला आयपीसमधील एक घर म्हणजे सुमारे १० मायक्रॉन आणि ४० पटीला सुमारे अडीच मायक्रॉन असे येते. विक्रेत्याने १०० पटीची लेन्स काढून त्या जागी या दोन वस्तू दिल्या असत्या, तर किंमत तीच ठेवूनही संच कितीतरी सकस झाला असता. परागकणांसाठी ती १०० पटीची लेन्स मी क्वचितच वापरतो. तिला तेल लागते, ते नंतर पुसावे लागते, ती कव्हरस्लिपला जवळजवळ टेकते आणि भोपळ्यासारख्या जाड कणांवर तर तिचा फोकसच कणाच्या तळापर्यंत पोचत नाही.

सोबत आलेल्या तयार स्लाइडविषयी चांगले लिहिण्यासारखे थोडे आहे. ‘पाइन पराग’ असे लिहिलेली स्लाइड ठीक होती. दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असलेला तो प्रसिद्ध कण महाराष्ट्रात सहजासहजी मिळत नाही, म्हणून तिचे मोलही आहे. ‘मिश्र पराग’ या स्लाइडवर मात्र रंग इतका गडद चढवला होता की कणांचे कवच आणि अंतरंग दोन्ही एकाच लाल डागात बुडाले होते, आणि कोणत्या वनस्पती मिसळल्या आहेत याची नोंदही नव्हती. तयार स्लाइडचा संच जास्त पैसे देऊन घेऊ नये. स्वतःची स्लाइड बनवणे कठीण नाही. पराग स्लाइडवर घेऊन त्यावर स्पिरिटचा एक थेंब टाकावा, म्हणजे कणांवरचे तेलकट आवरण धुतले जाते. स्पिरिट उडाल्यावर अगदी फिकट सॅफ्रॅनिन (एक लाल रंग) मिसळलेल्या ग्लिसरीनचा थेंब घ्यावा, कव्हरस्लिप तिरपी धरून सावकाश सोडावी आणि कडा पारदर्शक नेलपॉलिशने बंद करावी. ग्लिसरीनमध्ये कण हळूहळू थोडे फुगतात, तेव्हा मोजमाप करायचे असेल तर ते नेहमी स्लाइड बनवल्यानंतर ठरावीक अवधीने करावे आणि चिठ्ठीवर तारीख लिहावी.

छायाचित्रांसाठी दिलेली मोबाइलची पकड प्लॅस्टिकची आहे, जड फोन तिला पेलत नाही आणि फोन हळूहळू खाली झुकतो. हलक्या जुन्या फोनने तिच्यावर चांगली छायाचित्रे मिळाली.

खरेदीनंतरच्या सेवेबाबत विक्रेत्याचा अनुभव मध्यम म्हणावा लागेल: सुटे भाग मिळतात, पण कोणता भाग हवा हे ग्राहकालाच नेमके सांगता आले पाहिजे, कारण सोबतच्या पत्रकात भागांची नावे नाहीत आणि आकृती दुसऱ्याच यंत्राची आहे. दिव्याचा अॅडॉप्टर साध्या प्रकारचा असल्याने तो कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात बदलून मिळतो.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी घेण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यंत्रासोबत धुळीपासून वाचवणारे प्लॅस्टिकचे आच्छादन मिळते, आणि पावसाळ्यात नेमके तेच घातक ठरते. आत कोंडलेल्या दमटपणात लेन्सवर बुरशीचे धागे धरतात आणि एकदा त्यांनी काचेवरचा लेप खाल्ला की ती लेन्स पूर्ववत होत नाही. जून ते सप्टेंबर या काळात आयपीस आणि लेन्स काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, नळीची दोन्ही तोंडे टोपणांनी बंद करावीत, आणि जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की तव्यावर मंद आंचेवर परतून पुन्हा निळे करून घ्यावेत. तेरड्यासाठी यंत्र बाहेर काढायचे असेल तर काम आटोपताच लेन्स परत डब्यात जाव्यात.